बरणीतला खार : टाकू नका, पिऊही नका

खारातल्या भाज्या संपल्या की बरणीत उरलेले पाणी बहुतेक घरांत मोरीत जाते. काही घरांत ते ‘पाचक’ म्हणून कपाने पितात. माता-भगिनींनो, आम्हाला दोन्ही पटत नाही.

तेलातल्या लोणच्याविषयी आम्ही बोलत नाही. गाजर, मुळा, फ्लॉवर, हिरवी मिरची नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवतात, त्या पाण्याविषयी बोलतो आहोत. लिटरभर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम मीठ घातलेले असते. त्यातले काही भाजी ओढून घेते, तरी कपभर खारात चार-साडेचार ग्रॅम मीठ राहतेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजोबांना आपण प्रेमाने दिवसभराचे मीठ एका कपात पाजतो! त्यांना आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना हा खार मुळीच पाजू नये.

खार म्हणजे आंबट मीठ, असे समजून तो वापरावा. आमटी खाली उतरवल्यावर दोन चमचे घालावा, पण आमटीत मीठ आधीच कमी टाकावे. चिंचेची गरज उरत नाही. कांद्याच्या कोशिंबिरीत, ठेच्यात, उकडलेल्या बटाट्यावर तो झकास लागतो. उन्हाळ्यात लिंबू परवडत नाही तेव्हा तर फारच उपयोगी.

साठवायचा तर स्वच्छ फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरावा. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ नको. आंबट-खारट पाणी ते धातू खाते. खारातून वायू सुटत राहतो, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये आणि बूच दिवसातून एकदा सैल करावे. उष्टा चमचा आत घालू नये, हे मुलांना जरूर सांगा. फ्रिज नसेल तर थोडाच ठेवून आठवडाभरात संपवावा. खार गढूळ दिसला तर घाबरू नका, आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे तसे होते. मात्र हिरवी-काळी बुरशी आली, तार सुटली किंवा कुजका वास आला तर चवही न घेता सगळे टाकून द्यावे.

नव्या बरणीत दोन चमचे जुना खार घातला तर आंबणे लवकर सुरू होते. सगळ्या जुन्या खारातच पुन्हा भाज्या घालू नयेत. भाज्यांचे पाणी सुटून तो फिका झालेला असतो, आणि फिक्या खारात भाजी नासते. नव्या बरणीला मीठ नव्याने मोजून घ्यावे.