पांढरी धूळ

वसई-विरारच्या वाड्यांशेजारी आज उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेथे ग्रॅनाइट कापणाऱ्या कारागिराच्या मुखावर पांढरी धूळ साचते. तीत सिलिका असते. ती फुप्फुसांत शिरली की कधी कधी शरीराच्या रक्षक पेशी भांबावतात. राखणदाराने घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तशा त्या स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर तुटून पडतात. १९१४ साली एडिंबरोच्या डॉक्टर ब्रॅमवेल यांनी त्वचा ताठरविणाऱ्या अशाच व्याधीच्या नऊ रुग्णांची हकिकत लिहिली. त्यांतील पाच पाथरवट होते! धुळीने प्रत्येकाला हा रोग जडतो असे नव्हे. धोका मात्र वाढतो. फिरत्या पात्यावर पाण्याची धार सोडली, तर पुष्कळशी धूळ जागीच बसते. ते पाणी पुरविण्याचा भार मजुरावर नव्हे, मालकावर असावा.