मुलगी समाजकार्य शिकते म्हणून नाक मुरडू नका!



मागे एका घरी आम्ही मलिद्याला गेलो होतो. घरातील मुलगी सैन्यातून सुटून आली, म्हणून आईवडिलांनी नवस फेडला. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन झाले, पोहे-खोबऱ्याची ताटे फिरली आणि कोणीतरी विचारले, "मुलगी आता पुढे काय शिकणार?" आई हळू आवाजात म्हणाली, "समाजकार्य आणि आंतरराष्ट्रीय संबंध. दोन्ही एकत्र शिकायचे म्हणते."

झाले! एक काका म्हणाले, "म्हणजे सकाळी लोकांच्या घरची भांडणे सोडवायची आणि संध्याकाळी देशांची?" दुसरे म्हणाले, "आपल्याला कोण राजदूत करतो? त्यापेक्षा कॉम्प्युटर घे म्हणावे." सगळे हसले. मुलगी ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. घरी परतताना त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हा लेख.

आपल्या लोकांना समाजकार्याचा राग का, हे आम्ही जाणतो. वसाहतींच्या गावांत पहिली वर्षे ज्यांनी काढली, त्यांना रवाखाची बाई आठवते. ती कागद घेऊन यायची, घरात माणसे किती, पलंग किती हे विचारायची आणि आपले उत्तर न कळताच निघून जायची. पण त्या बाईला आपली भाषा येत नव्हती, आपल्या घरची रीत ठाऊक नव्हती, हा दोष विद्येचा की त्या खुर्चीवर आपले कोणी नव्हते याचा? आजवर आपणच आपल्या मुलींना त्या खुर्चीकडे जाऊ दिले नाही. मग खुर्चीवर परका बसला म्हणून कुरकुर कसली करता?

आणि ही विद्या आपल्याला परकी तरी कुठे आहे? भायखळा-नागपाड्याला राहिलेल्या वडीलधाऱ्यांना नागपाडा नेबरहुड हाउस आठवत असेल. भारतातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, 1936 साली तेथेच सुरू झाली. पुढे तिचीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि ती देवनारला गेली. जी विद्या आपल्या उंबरठ्याशी रुजली, तिला आज आपण नाक मुरडतो!

आता दुसरा आक्षेप. समाजकार्य आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांचा काय मेळ? एक शेजाऱ्याच्या दारातले, दुसरे मंत्र्यांच्या टेबलावरचे! आम्ही म्हणतो, ही दोन्ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. 1919 साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये एग्लँटाइन जेब या बाईंनी शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसाठी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी केली. नाकेबंदी सरकारची होती आणि उपाशी राहिले मूल. जेबबाईंनी दूध तर पाठवलेच, पण मुलांच्या हक्कांचा जाहीरनामाही लिहिला. राष्ट्रसंघाने तो 1924 साली स्वीकारला. 1989 च्या बालहक्क कराराचे मूळ तिथे आहे.

आपल्याच देशातले उदाहरण हवे? हेन्रिएटा झोल्ड घ्या. 1933 पासून त्यांनी जेरुसलेमहून युवा आलियाचा कारभार पाहिला. जर्मनीतल्या मुलांना बाहेर काढायचे तर ब्रिटिश सरकारकडून प्रवेशाचे परवाने मिळवायला हवेत. ते झाले आंतरराष्ट्रीय संबंध. मूल बोटीतून उतरले की त्याला कोणत्या किबुत्सात ठेवायचे, रात्री रडले तर कोणी पाहायचे, हे झाले समाजकार्य. परवान्याशिवाय मूल येत नाही आणि मायेशिवाय आलेले मूल जगत नाही. झोल्डबाईंना दोन्ही करावे लागले.

आता आपली स्वतःची जखम उघडू. 1951 साली बेर-शेवाची आपली माणसे तेल अवीवला सोखनूतीच्या कचेरीपुढे धरणे धरून बसली. "आम्हाला मुंबईला परत पाठवा," एवढीच मागणी होती. 1952 साली शंभरावर माणसे खरोखरच परत गेली. भारताने 1950 साली इस्राएलला मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध 1992 पर्यंत नव्हते. ज्याच्याकडे जावे असा भारताचा वकील या देशात नव्हता आणि घरात येऊन "तुमचे दुखते कुठे?" असे मराठीत विचारणारेही कोणी नव्हते. ही दोन माणसे असती, तर धरण्याची पाळी आली असती का?

पुढे 1962 साली मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्या लग्नांसाठी वंशाच्या चौकशीचा हुकूम काढला. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला उपोषणे आणि धरणी धरून बसली आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर झाले. ती लढाई आपण जिंकलो. पण ती लढणारे कामगार, कारकून, गृहिणी होते. कायदा काय म्हणतो, बाहेरच्या जगाला कसे सांगावे, हे ते उपाशीपोटी शिकले. मुलांनी तेच वर्गात बसून शिकावे, याला आपण हसतो!

आणि आजचे काय? आपले म्हातारे आता एकटे राहतात. कित्येकांचे उतारवयात हिब्रू गळून पडते आणि फक्त मराठी उरते. सांभाळायला येणारी बाई कधी केरळची असते. तिला मराठी येत नाही, आजीला मल्याळम येत नाही. तपासणीला आलेला अधिकारी लिहून जातो, "प्रश्नांना उत्तर देत नाही." अहो, ती उत्तर देत होती, मराठीत! त्या केरळच्या बाईनेही दलालाला पैसे मोजले असतील, मागे मुले ठेवली असतील. मे 2023 मध्ये भारत आणि इस्राएल यांनी 42,000 भारतीय कामगार आणण्याचे ठरवले, त्यांत 8,000 जागा शुश्रूषेच्या. करार दोन राष्ट्रांचा, पण त्याची परीक्षा आपल्या आजीच्या खाटेपाशी होते. करार वाचता येणारी आणि आजीचे बोलणे समजणारी व्यक्ती कोण असावी? ती आपल्याच घरातली मुलगी का नसावी?

पगार थोडा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. 2011 आणि 2020 साली समाजकार्यकर्त्यांना संप करावे लागले, ते उगाच नव्हे. पण पगार थोडा म्हणून काम हलके, हा हिशेब आपण कधीपासून शिकलो? कोकणात तेलाचे घाणे हाकणाऱ्या शनवार तेल्यांची आपण लेकरे आहोत. शब्बाथ सोडला असता तर आठवड्यातला आणखी एक दिवस कमाई झाली असती. पूर्वजांनी सोडला नाही.

"दोन दगडांवर पाय" या भीतीत मात्र तथ्य आहे. म्हणून मुलींना आणि मुलांनाही सांगतो, अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाला स्पष्ट विचारा. 1996 च्या कायद्याप्रमाणे या देशात समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय हे काम करता येत नाही. ही जोडपदवी नोंदणीला चालते का? प्रत्यक्ष कामाचे तास पुरे आहेत, की दुसऱ्या विषयासाठी कापले आहेत? तास कापले असतील तर ती पदवी घेऊ नका. माणसाच्या घरी न जाता जगाच्या गोष्टी करणारे या देशात पुष्कळ आहेत.

आणि आपण मोठ्यांनी काय करावे? सिनेगॉगच्या दुरुस्तीला देणगी देतो, तशी एका विद्यार्थ्याच्या फीला द्यावी. घरात मुलांशी मराठी बोलावे, कारण पदवी विद्यापीठ देईल, आजीची भाषा देणार नाही.

त्या मुलीला आमचे सांगणे आहे: बाळ, त्या दिवशी हसलो, चुकलो. तू खुशाल शिक. पदवी घेऊन आलीस की पुन्हा मलिदा कर. त्या दिवशी ताटे आम्ही उचलू, तू बाहेर बसून बोल.