पूर आणि प्रसिद्धी

निसर्गाचा कोप झाला म्हणजे समाजाचे खरे रूप प्रकट होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे विधान अर्धेच खरे आहे. संकटाच्या प्रत्यक्ष रात्री जगातील बहुतेक माणसे सारखीच वागतात. शेजारी शेजाऱ्याला हाक मारतो, तरुण मुले म्हाताऱ्यांना उचलून माडीवर नेतात, आणि ज्याच्या घरी कोरडी खोली असेल त्याचे घर त्या रात्रीपुरते सर्वांचे होते. समाजासमाजांतील भेद दिसू लागतो तो त्यानंतर. साऱ्या जगाची दृष्टी एखाद्या गावावर खिळते, आणि काही दिवसांनी तितक्याच त्वरेने दुसरीकडे वळते. या दोन क्षणांच्या मध्ये जे घडते आणि दुसऱ्या क्षणानंतर जे घडत राहते, त्यावरून समाजाची पारख करावयास हवी.

या विचारास २०२१ सालच्या जुलै महिन्याने एक विलक्षण जोड-उदाहरण पुरविले आहे. त्या महिन्याच्या १४ आणि १५ तारखांमधील रात्री ऱ्हाईनला मिळणाऱ्या आर या लहानशा नदीने आपले खोरे उद्ध्वस्त केले. एकट्या त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे दगावली. झिन्त्सिग येथील अपंगांच्या निवासातील बारा जण तळमजल्यावरच बुडाले. यानंतर आठच दिवसांनी, २२ जुलै रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. महाबळेश्वरी त्या सुमारास चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने हा एकच आठवडा होता. सकाळी कामावर जाताना तो आरची चित्रे पाहत होता आणि रात्री कोकणातील आप्तांचे दूरध्वनी लागतात का, हे पाहत होता.

अशा वेळी तुलना करण्याचा मोह अनावर होतो, आणि तुलना बहुधा ठरीव साच्यातली असते. जर्मन मनुष्य शासनावर आणि विमापत्रावर विसंबतो. भारतीय मनुष्य नातलगांवर आणि दैवावर विसंबतो, असे दोन्हीकडचे लोक सहज बोलून जातात. वस्तुस्थिती मात्र या साच्यात बसत नाही. आरच्या खोऱ्यात त्या रात्री शासनयंत्रणाच अडखळली. जिल्ह्याने आपत्तीची सर्वोच्च पातळी जाहीर केली ती रात्री अकरानंतर. तोवर वरच्या अंगाच्या गावांत पाणी घरांत शिरलेही होते. पुढच्या दिवसांत शेतकरी आपापले ट्रॅक्टर घेऊन दूरवरून आले. स्थानिक उद्योजकांनी स्वयंसेवकांची ने-आण करण्यासाठी बसगाड्यांची व्यवस्था उभारली. द्राक्षमळ्यांच्या मालकांनी चिखलाने माखलेल्या मद्याच्या बाटल्या न धुता तशाच विकून चाळीस लाख युरोंहून अधिक निधी जमविला. इतर प्रांतांतील द्राक्ष-बागाईतदार त्या वर्षीच्या तोडणीला मदत करावयास आले. याला शासनावर विसंबणे कोण म्हणेल?

उलट चिपळूणकरांना केवळ दैववादी म्हणणेही अन्यायाचे होईल. पूर ओसरल्यावर तेथील नागरिकांनी वाशिष्ठीतील गाळ उपसण्याची मागणी लावून धरली, त्यासाठी उपोषणे केली, आणि गाळ काढण्याचे काम सुरू करावयास शासनास भाग पाडले. १८६४ साली स्थापन झालेले तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर २००५ च्या पुरात भिजले होते; २०२१ मध्ये पुन्हा भिजले, आणि पुन्हा उभे राहिले. ज्या गावाला आपल्या ग्रंथालयाचे कपाट दुसऱ्यांदा भरावेसे वाटते, त्या गावाने दैवापुढे हात टेकले असे म्हणता येणार नाही.

दोन्ही खोऱ्यांतील गुण जसे सारखे, तसे दोषही सारखेच आढळतात, आणि हे अधिक बोधप्रद आहे. आरला १८०४ साली महापूर आला होता, त्यात ६३ माणसे गेली. १९१० साली पुन्हा आला, त्यात पन्नासहून अधिक. परंतु धोक्याचे अधिकृत नकाशे प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजणीवर आधारलेले होते, आणि त्या मोजणीत असा पूर नव्हताच. नदीला आठवत होते ते कागदाला आठवत नव्हते. पुढे पुनर्बांधणीच्या वेळी ज्या घरांना जुन्या जागी उभे राहण्यास मनाई झाली ती अगदी मोजकीच; बाकीचे खोरे बव्हंशी पूर्वीच्याच जागी पुन्हा वसले. चिपळुणातही निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या जाताच गावाने त्यांना विरोध केला. नदीच्या काठची जमीन सोडावयास कोणताच समाज तयार नसतो, कारण तेथे केवळ भिंती नसतात. तेथे आजोबांचे दुकान आणि आईची विहीर असते. रेश गावच्या अठराव्या शतकातील पुलावर पाण्यापासून रक्षण करणाऱ्या संत नेपोमुकाची मूर्ती होती आणि वाशिष्ठीच्या काठी नदीची ओटी भरली जाते. दोन्ही खोऱ्यांतील पूर्वजांना नदीचे भय ठाऊक होते. ती भक्ती वंशजांनी जपली; भय मात्र विसरले.

आता प्रसिद्धीचा विचार करू. प्रसिद्धी हीसुद्धा पुरासारखीच असते. ती अकस्मात येते, सर्वत्र पसरते, आणि ओसरताना मागे गाळ ठेवून जाते. एरफ्टस्टाट येथे राष्ट्राध्यक्ष शोकाचे शब्द बोलत असता मागे उभा असलेला प्रांताचा मुख्यमंत्री हसताना दिसला, आणि ते चित्र देशभर झाले. त्याआधी दोन वर्षे, २०१९ च्या ऑगस्टात, सांगली-कोल्हापुराकडील महापुरात नौकेतून पाहणी करणाऱ्या एका मंत्र्याची हसरी चित्रफीत अशीच गाजली होती, आणि पूरग्रस्तांना वाटावयाच्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटविलेली आढळली होती. ज्या दिवसांत ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून माणसे बुडाली, त्याच दिवसांतील ही गोष्ट. देश निराळे, भाषा निराळ्या. पण दुःखाच्या प्रसंगी आपण कसे दिसतो याची चिंता किंवा बेफिकिरी ही सत्ताधाऱ्यांची जुनीच व्याधी आहे, असे यावरून दिसते.

म्हणून प्रसिद्धी सर्वथा त्याज्य मानावी काय? तसे मानणे सोपे आहे, परंतु ते बरोबर नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप झाले, ही वार्ता बाहेर आली ती एस. टी. च्या एका चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गावच दिसेना. ज्या वस्तीकडे कोणाचेच लक्ष नसते, तिच्या नाहीसे होण्याकडेही वेळेवर लक्ष जात नाही. माळीणच्या लोकांना प्रसिद्धी अधिक झाली नव्हती. ती फार उशिरा झाली होती. डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या गरिबाला छायाचित्रकाराचा उपसर्ग क्वचितच होतो. त्याचा खरा शत्रू विस्मरण हा आहे.

लोकांचे लक्ष टिकले तर काय साधते, याचे उदाहरण हाम्बुर्गने घालून दिले आहे. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री समुद्राच्या वादळी भरतीने तेथील बांध फोडले आणि ३१५ माणसे मेली. त्यांतील बहुतांश विल्हेल्म्सबुर्ग भागातील होती, आणि त्यांत बागांमधील तात्पुरत्या झोपड्यांत राहणारी, युद्धाने बेघर केलेली कुटुंबे पुष्कळ होती. हेल्मुट श्मिट यांनी नियमांची वाट न पाहता सैन्य बोलाविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे आणि ती प्रसिद्ध व्हावी हे योग्यच. परंतु तिच्यानंतरची कथा अधिक मोलाची असून ती फारशी सांगितली जात नाही. वर्षानुवर्षे बांध उंच करण्याचे नीरस काम चालू राहिले. ३ जानेवारी १९७६ रोजी पाणी १९६२ पेक्षाही वर, ५.७० ऐवजी ६.४५ मीटरपर्यंत चढले, आणि त्या शहरात कोणाचाही बळी गेला नाही. या यशाचे छायाचित्र निघत नाही, कारण न बुडालेल्या माणसाचे छायाचित्र काढता येत नाही.

हाम्बुर्गच्या सात महिने आधी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत आणि खडकवासला धरणे फुटून पुणे शहर पाण्याखाली गेले होते. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. त्या नावांमागचा पूर आज तेथील कितीजणांस आठवतो? किल्लारीचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपाने हजारो माणसे मारली. साऱ्या जगातून मदत आली, दात्यांनी गावे दत्तक घेतली, बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु त्या मदतीतील बहुधा सर्वांत दूरदर्शी काम म्हणजे भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला हे होय. घर बांधून देणाऱ्याचे काम कोनशिला बसली की संपते. मूल शिकविणाऱ्याचे काम दहा-पंधरा वर्षे संपत नाही.

आपल्या परंपरेत गुप्तदानाची थोरवी सांगितली आहे, आणि उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये ही शिकवण येथील ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही परिचित आहे. गीतेने सात्त्विक दानाची कसोटी सांगताना परतफेडीची अपेक्षा नसावी एवढेच सांगितले नाही. देश, काल आणि पात्र पाहावे, असेही सांगितले. यातील 'काल' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. पहिल्या आठवड्यात घोंगड्यांचे ढीग पडतात; दुसऱ्या हिवाळ्यात कंटेनरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाकडे कोणी फिरकत नाही. आरच्या काठी आणि तळियेच्या माळावर, दोन्हीकडे, असा काळ आला.

परदेशात वसलेल्या लहान समाजाला याबाबतीत एक विशेष मोह असतो. आपण या देशाचे उपकार मानतो हे शेजाऱ्यांना दिसावे, आणि आपण मायदेश विसरलो नाही हे तिकडच्यांना दिसावे, अशी दुहेरी ओढ त्याला असते. मोठ्या कागदी धनादेशासह काढलेले छायाचित्र ही त्या ओढीची खूण आहे. ती ओढ निंद्य नाही. जो समाज अल्पसंख्य असतो त्याला आपली सद्बुद्धी सिद्ध करावी लागते, हे दुःखद असले तरी खरे आहे. परंतु तिच्यावर मर्यादा घालता येते. जमलेल्या निधीचा निदान तिसरा भाग एक वर्ष राखून ठेवावा आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास, वार्ताहर निघून गेल्यावर, आपद्ग्रस्तांना विचारून खर्च करावा. हे करावयास ठरावापलीकडे काही लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण, म्हणून अधिक महत्त्वाची. या देशातील खेड्याखेड्यांत आग लागली वा पाणी आले तर प्रथम धावतात ती स्वयंसेवकांची अग्निशमन पथके. १९५० साली स्थापन झालेले टेक्निशेस हिल्फ्सवेर्क हे संघराज्याचे आपत्तिनिवारण दलही जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. त्यांच्या साप्ताहिक सरावात मराठी आडनावे फार थोडी आढळतात. येथे जन्मलेली मुले गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजवितात, हे कौतुकास्पदच. त्यांतील दोन-चार जणांनी दर आठवड्याची एक संध्याकाळ पाण्याचे पंप आणि शिड्या हाताळण्यात घालविली, तर त्या समाजाचे या भूमीशी जे नाते जडेल, ते कोणत्याही धनादेशाने जडणार नाही. त्या सरावाला प्रेक्षक नसतात, आणि संकटाच्या रात्री कामास येते ते प्रेक्षकांवाचून शिकलेलेच.

आरच्या खोऱ्यातील त्या रात्रीच्या दिरंगाईची चौकशी सरकारी वकिलांनी २०२४ मध्ये खटला न भरताच बंद केली; परंतु त्या रात्रीमुळेच २०२३ पासून या देशात धोक्याची सूचना थेट प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर येऊ लागली. न्यायाचे समाधान सर्वांना मिळाले नाही. शहाणपण थोडे मिळाले. ते शहाणपण टिकविणे हे पुढच्या पिढीला शिकविणाऱ्यांच्या हाती आहे. ज्या घरांतील मुलांना आरवायलर आणि चिपळूण ही दोन्ही नावे सारख्याच जिव्हाळ्याने उच्चारता येतात, त्या घरांनी निदान एवढे करावे, की पाणी कोठवर आले होते याची खूण मुलांना हाताने दाखवावी, आणि ती खूण कोणी भिंतीवरून पुसू लागला तर त्याला थांबवावे.