औषधाचे चार तास आणि मुलाचा दिवस

एखाद्या विकारावर औषध सापडले म्हणजे प्रश्न सुटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. औषधाला गुण आहे की नाही आणि त्यापासून अपाय तर होत नाही ना, एवढे दोनच प्रश्न आपण विचारतो. ते किती तास टिकते, हा तिसरा प्रश्न आपण डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतो. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता या विकाराच्या, म्हणजे आज सर्वत्र ज्याला एडीएचडी म्हणतात त्याच्या बाबतीत मात्र हा तिसरा प्रश्नच कळीचा ठरला आहे. या विकारावर मुलांना प्रामुख्याने दिले जाणारे औषध म्हणजे मेथिलफेनिडेट. त्याच्या साध्या गोळीचा प्रभाव सुमारे चार तासांत ओसरतो. मुलाचा जागेपणीचा दिवस चौदा तासांचा असतो. उरलेल्या दहा तासांचे काय करावयाचे, याचे उत्तर रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या परीने दिले आहे. शाळेने, घराने आणि शासनाने ते अद्याप द्यावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा विकार अलीकडच्या सुखवस्तू पालकांनी काढलेले खूळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्येच लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी चांगली, पण लक्ष एका जागी ठरत नाही आणि मनाला आवर घालता येत नाही, अशी ही मुले. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातील सुमारे पाच मुलांमध्ये हा विकार आढळतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी तीन मुले असण्याचा संभव आहे. प्रत्येक शिक्षकाने ती पाहिलेली असतात. ‘द्वाड’, ‘धांदरट’, ‘वेंधळा’ ही विशेषणे आपल्या भाषेत त्यांच्यासाठी तयारच आहेत. मुलींच्या बाबतीत तर चंचलतेपेक्षा तंद्रीच अधिक दिसते, आणि खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नसल्याने तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

गणिताच्या गोळ्या

या विकारावरील उत्तेजक औषधांचा इतिहास १९३७ पासून सुरू होतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टराने आपल्या संस्थेतील तीस मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. त्यांपैकी चौदा मुलांच्या अभ्यासात एकाएकी लक्षणीय सुधारणा दिसून आली. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंड्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले आणि १९५४ पासून ते रिटालिन या नावाने बाजारात आले. हे नाव त्याने आपल्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते.

उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, असा प्रश्न साहजिकच पडतो. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही द्रव्ये निरोप पोहोचविण्याचे काम करतात. अवधान आणि संयम यांचे नियंत्रण करणाऱ्या भागात त्यांचे कार्य हे औषध वाढविते, आणि त्यामुळे मुलाला स्वतःला आवरणे सोपे जाते. परंतु हा परिणाम औषध रक्तात असेतोवरच टिकतो. काही औषधे आठवडाभर घेतली की त्यांचा परिणाम शरीरात साठतो. येथे तसे होत नाही. चष्मा डोळ्यांवर असेतो अक्षर स्पष्ट दिसावे आणि काढताच पुन्हा पुसट व्हावे, तसा हा प्रकार आहे. सकाळी सात वाजता घेतलेली गोळी अकरा वाजता संपलेली असते.

मधल्या सुट्टीतील गोळी

म्हणून दुपारची दुसरी गोळी आली, आणि तिच्याबरोबर अडचणीही आल्या. ही गोळी द्यावयाची कोणी? अमेरिकेतील पुष्कळ शाळांत परिचारिका असते. तेथे कित्येक दशके दुपारी तिच्या खोलीत गोळी घेण्यासाठी मुले जात असत. आपल्याकडील बहुतेक शाळांत परिचारिका नाही. मुख्याध्यापकांना जबाबदारीची धास्ती वाटते, शिक्षकाला साठ मुलांतून एकाची गोळी आठवत नाही. मग गोळी डब्याबरोबर दप्तरात जाते. ज्या मुलाचा मुख्य दोषच विसराळूपणा, त्यानेच आपल्या विसराळूपणावरचे औषध नेमक्या वेळी आठवून घ्यावे, अशी ही विलक्षण अपेक्षा आहे. शिवाय मित्रांच्या देखत गोळी घेणे म्हणजे चेष्टेला निमंत्रण. वयाने वाढलेली मुले ती गुपचूप फेकून देतात आणि घरी घेतल्याचे सांगतात.

याचे परिणाम कोणाच्या लक्षात येत नाहीत, हे अधिक वाईट. पहिल्या तासाच्या शिक्षकांना एक मूल दिसते आणि सहाव्या तासाच्या शिक्षकांना दुसरेच. एकाने सांगावे की मुलगा सुधारला, दुसऱ्याने म्हणावे की याच्यात काही फरक नाही. आणि दोघेही खरे बोलत असतात. औषध ओसरताना काही मुलांमध्ये चिडचिड आणि रडवेपणा मूळच्याहूनही अधिक दिसतो. ही वेळ नेमकी घरी परतण्याची, शिकवणीची आणि गृहपाठाची असते. दिवसभर शाळेत बरे वागलेले मूल संध्याकाळी आईशी हुज्जत घालू लागले, की ‘बाहेर नीट वागतो, घरी मुद्दाम त्रास देतो’ असा निवाडा दिला जातो. घड्याळाचा दोष मुलाच्या स्वभावाला चिकटतो.

सपाट रेषा अपुरी पडली

दिवसभर पुरणारी गोळी बनविणे वरवर पाहता सोपे वाटते. औषध हळूहळू सुटेल अशी गोळी केली की झाले! अशा गोळ्या आधी निघाल्याही होत्या. पण डॉक्टरांचा अनुभव असा, की दिवसातून दोन-तीन वेळा दिलेल्या साध्या गोळ्यांइतका गुण त्यांनी येत नाही. याचा उलगडा कॅलिफोर्नियातील जेम्स स्वान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात केला. दिवसभर औषध एकाच सपाट प्रमाणात देत राहिले, तर दुपारनंतर त्याचा प्रभाव घटतो, असे त्यांना आढळले. शरीर एका दिवसाच्या आतच औषधाला सरावते. म्हणून रक्तातील प्रमाण सकाळपासून चढत गेले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले.

या तत्त्वावर तयार झालेली कॉन्सर्टा ही गोळी २००० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिची रचना कुतूहल वाटावी अशी आहे. एक पंचमांशाहून थोडे अधिक औषध बाहेरच्या लेपात असते; ते लगेच विरघळून सकाळचे काम सुरू करते. आतल्या कवचातून पाणी झिरपत जाते, तळाचा थर फुगतो आणि वरच्या बारीक छिद्रातून उरलेले औषध हळूहळू, पण वाढत्या प्रमाणात बाहेर ढकलतो. सुमारे बारा तास हे काम चालते आणि रिकामे कवच शौचावाटे निघून जाते. त्यानंतर आणखी मार्ग निघाले. २००६ मध्ये त्वचेवर चिकटविण्याची मेथिलफेनिडेटची पट्टी आली. २००७ मध्ये लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन आले. त्यात मूळ औषधाला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेले असते आणि रक्तातील तांबड्या पेशी ते सावकाश सोडवीत राहतात.

यावरून एक व्यावहारिक धडा घेण्यासारखा आहे. दीर्घकाळ चालणारी गोळी तोडून, कुटून किंवा चावून घ्यावयाची नसते. काटकसरीसाठी तिचे दोन तुकडे करणारे पालक बारा तासांचे यंत्रच मोडून टाकतात, आणि दिवसभराचे औषध एकदम अंगात जाण्याचा धोका पत्करतात.

औषधाबरोबर आणखी काय?

गोळी चांगली मिळाली म्हणजे भागले का? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ५७९ मुलांना चार गटांत विभागून चौदा महिने उपचार देण्यात आले. एका गटाला काटेकोर औषधोपचार होता: दिवसातून तीन वेळा गोळी, दरमहा डॉक्टरांची भेट आणि शिक्षकांकडून येणारी माहिती लक्षात घेऊन मात्रेत बदल. दुसऱ्या एका गटातील मुले नेहमीच्या डॉक्टरांकडे जात होती, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मुलांना याच प्रकारची औषधे, पण सामान्यतः कमी वेळा, मिळत होती. विकाराची मुख्य लक्षणे पहिल्या गटात स्पष्टपणे अधिक कमी झाली. औषधांचा वर्ग एकच, पण व्यवस्था वेगळी होती आणि फळ वेगळे मिळाले.

तथापि याच पाहणीचा पुढचा भाग सांगितला नाही, तर ते अर्धसत्य होईल. चौदा महिन्यांनंतर ती काटेकोर व्यवस्था संपली, आणि तीन वर्षांच्या अखेरीस गटागटांमधील फरक उरला नाही. औषधाचे भक्त आणि त्याचे विरोधक या दोघांनीही हे ध्यानात ठेवावे. औषध वाट मोकळी करते. अभ्यासाची सवय, वागण्याची शिस्त आणि मोठ्यांचा धीर यांची जागा ते घेत नाही.

सगळा दिवस म्हणजे किती?

दिवसभर औषध पुरावे, ही इच्छा रास्त आहे. परंतु प्रत्येक वाढीव तासाची किंमत मोजावी लागते. या औषधांनी भूक मंदावते, झोप लांबते, नाडीचा वेग आणि रक्तदाब थोडा वाढतो, आणि काही मुलांची उंची वाढण्याचा वेग किंचित कमी होतो. संध्याकाळच्या परवच्यापर्यंत औषध टिकले, पण मूल रात्री अकरापर्यंत जागे राहिले आणि ताटावरून अर्धपोटी उठले, तर तो व्यवहार तोट्याचा होय. म्हणून ‘औषध कसे लांबवावे’ याच्या आधी ‘कोणते तास सावरावयाचे आहेत’ हे ठरले पाहिजे. एखाद्याला शाळेचे सहा तास पुरतात; दहावीच्या विद्यार्थ्याला संध्याकाळी अभ्यासासाठी लहानशी जादा मात्रा लागू शकते. कचेरीत दहा ते सहा काम करून नंतर वाहन चालवीत घरी परतणाऱ्या प्रौढाची गरज आणखी निराळी असते, कारण हा विकार पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही सुटत नाही. हा हिशेब डॉक्टरांसमवेत बसून करावयाचा आहे. सकाळी भरपेट न्याहारी, रात्री औषध ओसरल्यावर पुन्हा खाणे, दरवेळी वजन-उंचीची नोंद, या साध्या गोष्टींनीही पुष्कळ काम होते. मनाने गोळी वाढविणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. परीक्षेच्या जागरणासाठी मित्राची गोळी मागून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगावेसे वाटते: ही औषधे मनोद्रव्यांच्या कायद्याखाली आहेत, ती उगीच नव्हेत.

आपले कर्तव्य

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच राज्यात पालघर येथून झाला. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करून ज्या तीस व्याधी शोधावयाच्या, त्यांच्या यादीत या विकाराचाही समावेश आहे. म्हणजे मूल शोधण्याची जबाबदारी शासनाने तत्त्वतः स्वीकारली आहे. परंतु शोधलेल्या मुलाला सकाळची गोळी द्यावयाची आणि दुपारी त्याला वाऱ्यावर सोडावयाचे, याला उपचार म्हणता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे. हा विकार स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे शाळेने सवलत द्यावी की नाही, हे बव्हंशी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहते.

करण्यासारख्या गोष्टी अवाढव्य खर्चाच्या नाहीत. पालकांचे लेखी संमतिपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर दुपारची गोळी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाखाली ठेवून, नेमलेल्या एका व्यक्तीने ती चारचौघांच्या नजरेआड द्यावी, असा स्पष्ट आदेश शिक्षण खात्याने काढावा. त्यात शिक्षकाला कायदेशीर संरक्षणही असावे. महिन्यातून एकदा, सकाळच्या आणि दुपारच्या तासांचे चार ओळींचे वेगवेगळे टिपण शिक्षकांनी पालकांच्या हाती द्यावे. डॉक्टरांना मात्रा ठरविताना त्याहून उपयुक्त कागद दुसरा नाही. कठीण विषय शक्यतो औषधाच्या तासांत यावेत, आणि शाळेनंतर थकलेल्या मुलावर दोन-दोन शिकवण्या लादू नयेत. जिल्हा रुग्णालयांत साधी आणि दीर्घकाळ चालणारी अशी दोन्ही प्रकारची औषधे सातत्याने मिळावीत. कायद्याने नियंत्रित असल्यामुळे ही औषधे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, आणि दीर्घकाळ चालणारी गोळी साधीपेक्षा महाग पडते. ज्यांना ती परवडते त्यांचे मूल दिवसभर सावरलेले आणि कारकुनाचे किंवा मजुराचे मूल अकरा वाजेपर्यंतच, हा भेद तरी आपण सहन करू नये.

चार तासांच्या गोळीला बारा तास चालविण्यासाठी शास्त्रज्ञांना सुमारे अर्धे शतक लागले. दुपारी एक गोळी आणि एक पेला पाणी मुलाच्या हाती न बोभाटा देता येण्यास आपल्या शाळांना तेवढा काळ लागण्याचे काहीच कारण नाही.