कोयत्याला बाळंतपणाची रजा नाही

गडमुडशिंगी हे कोल्हापूर शहरालगतचे गाव. बाळंतपणात गुंतागुंत झालीच, तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय जवळ आहे. 2018-20 या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले. देशाचे प्रमाण 97 होते. राज्यकर्ते हा आकडा अभिमानाने सांगतात आणि तो खोटा नाही. परंतु या सरासरीच्या आड कोण राहते, हा खरा प्रश्न आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरच्या शिवारात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. दिवस गेलेली बाईही पहाटेपासून फडात वाकते, मोळ्या वाहते आणि रात्री कोपीत चूल पेटवते. एक दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापले जातात. दवाखाना कोसभरावर असूनही तपासणीचा दिवस तिला परवडत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला प्रसूतीतील रक्तस्राव सोसत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बीड जिल्ह्यात 2019 साली झालेल्या शासकीय पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. श्रमाची ही किंमत कोणत्या ताळेबंदात लिहिली गेली?

बाळंतपणाच्या हक्काची लढाई महाराष्ट्राला नवी नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा होतो, म्हणून खर्चाचा काही भार त्याने उचलावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. 1961 साली केंद्रीय कायदा आला. 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांपर्यंत वाढली. मात्र जिच्या कोयत्यावर कारखान्याचे गाळप चालते, ती कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीच. मधे मुकादम उभा आहे आणि त्याच्याआड साखरसम्राट सुरक्षित आहेत.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. ऊस गाळणारा कारखाना हाच मालक ठरवावा. प्रत्येक तोडणी कामगार स्त्रीची स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी तिच्या हाती पडावी. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर तिला मजुरीसह विश्रांती मिळावी, खाडा बंद व्हावा. गावी सुरू झालेली तपासणी फडावर तुटू नये, ही जबाबदारी शासनाची आहे.

औषधगोळ्या फुकट वाटून हा प्रश्न सुटणार नाही. मातेला विश्रांती हवी, आणि गरिबाच्या घरी विश्रांती मजुरीवाचून येत नाही.