अंग रगडणाऱ्या हातांचे दुखणे कुणी बघायचे?

सांगली-मिरज रस्त्यावरचे विश्रामबाग म्हणजे शिकल्यासवरलेल्यांची वस्ती. विलिंग्डन महाविद्यालय इथले, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथले. प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले, आम्ही वकील मंडळीही याच भागात वावरतो. या वस्तीत रोज सकाळी सातच्या आत काही बायका पायी किंवा रिक्षाने येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक जुने लुगडे आणि पंचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या या मावशी. एका घरात बाळंतिणीचे अंग रगडायचे, बाळाला तेल लावायचे, दोघांना न्हाऊ घालायचे, शेक द्यायचा आणि पुढचे घर गाठायचे. दुपारपर्यंत चार-पाच घरे होतात.

अशीच एक मावशी माझ्याकडे प्रतिज्ञापत्र करायला आली होती. रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरे, हे नेहमीचेच प्रकरण. सही करताना तिच्या हातातून पेन दोनदा निसटले. अंगठा वाकवताना तोंडातून 'आई गं' निघाले. विचारले तर हसून म्हणाली, "वय झालं की वो वकीलसाहेब, दुसरं काय!" समोरच्या कागदावर तिचे वय त्रेचाळीस होते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. माझा अंगठा शाबूत आहे, कारण मी आयुष्यभर पेन धरला. तिने वीस वर्षे दुसऱ्यांची पाठ-कंबर धरली. तेव्हा हे वयाचे दुखणे नव्हे, हे कामाने दिलेले दुखणे आहे. आणि जे कामाने दिले त्याची जबाबदारी एकट्या तिची असू शकत नाही, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

अंगठा हलवणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठ्याने पुन्हा पुन्हा जोर दिला, मनगट पिळले की त्यांचे आवरण सुजते आणि बोगदा अपुरा पडतो. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली याचे वर्णन केले, म्हणून दुखण्याला त्याचे नाव आहे. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवले आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली, तर समजावे की दुखणे सुरू झाले असावे. दुसरे दुखणे तळहाताच्या मुळाशी नस दबण्याचे. त्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकावा लागतो. शिवाय जमिनीवर पाय पसरून तासन्‌तास वाकल्याने कंबर आणि गुडघे जातात ते वेगळेच.

गंमत बघा, की यातले पहिले दुखणे नव्या आईलाही होते. बाळाला सतत काखेत हात घालून उचलल्याने तिचाही अंगठा धरतो. पण बाळंतिणीचा अंगठा दुखला की घरचे तिला मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेतात, पट्टा मिळतो, 'हाताला आराम द्या' असा सल्ला मिळतो. त्याच खोलीत, त्याच दुखण्याची मावशी बाम चोळून पुढच्या घरी जाते. दुखणे एक, मनगटे दोन, आणि न्याय दोन!

हा भेद आजचा नाही. गावगाड्यात अनेक गावांत सुईणपण मातंग समाजातील बायांकडे होते, अंग रगडणे नाभिकांकडे होते. मोबदला काय, तर पसाभर धान्य आणि चोळीचा खण. ज्या हातांनी नाळ कापली, ते हात बारशाला मात्र उंबऱ्याबाहेर! आज मावशी घरात येते, चहाही मिळतो. पण तिचे शरीर झिजणे हा तिच्या नशिबाचा भाग आहे, ही जुनी समजूत गेलेली नाही. दुर्दैव असे, की ती समजूत मावशीच्याही मनात घर करून आहे. 'वय झालं' या दोन शब्दांत तीच बोलत असते.

म्हणून पहिले सांगणे आपल्या भगिनींना. अंगठ्याच्या टोकाने दाबू नका. तळहाताचा मनगटाकडचा भाग, मूठ, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरा. मनगट सरळ ठेवा. जोर बोटांतून नको, अंगाचा भार पुढे टाकून द्या. बाळंतिणीला जमिनीऐवजी खाटेवर घ्या. बाळाला तर जोर लागतच नाही, नुसता हलका हात पुरतो. पाय पसरून बसावेच लागले तर पाठीला भिंतीचा टेकू घ्या. भरलेली बादली उचलू नका, अर्धी अर्धी न्या. सांडलेले तेल आधी पुसा, न्हाणीघरात घसरून मोडलेला हात लवकर सांधत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिचा विषारी वायू आई, बाळ आणि मावशी तिघांनाही घातक आहे. सिझेरियन झालेल्या बाईचे पोट डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबू नका. बधिरपणा आठवडाभर टिकला तर बाम बाजूला ठेवून सांगलीच्या किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यातला हाडांचा विभाग गाठा.

परंतु 'स्वतःची काळजी घ्या' असे सांगणे सोपे आहे. सव्वा महिन्याच्या कामात एक खाडा झाला की पैसे कापले जातात, दोन झाले की दुसरी मावशी येते. मग आराम करायचा कुणी आणि कशाच्या जोरावर? हा जिल्हा कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा. इथल्या तालमीत पैलवान पैलवानाला मालीश करतो, पण आज रगडणारा उद्या रगडून घेतो. मावशीची पाळी कधीच येत नाही. म्हणून दुसरे सांगणे विश्रामबागेतल्या घरांना. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्या. खाट, स्टूल द्या, बादली घरातल्या पुरुषाने उचलावी. बाळंतपणाला हजारो रुपये खर्चणाऱ्यांना हे जड नाही.

आता कायद्याचे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिसे आहे, पारा आहे, पण राबून सुजलेल्या अंगठ्याला जागा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० च्या यादीत मनगटाची ही दोन्ही दुखणी नोंदवली आहेत. जगाने जे मान्य केले ते आपल्याकडे अजून वयात मोजले जाते! बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. कामगाराचे आजारपण ही त्याची खासगी बाब नाही, हे तत्त्व त्यामागे होते. ते तत्त्व कारखान्याच्या फाटकापाशी थांबले, मावशीपर्यंत आले नाही.

तरीही हातात काहीच नाही असे नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ मध्ये अपघात व औषधोपचारासाठी मदतीची तरतूद आहे. बाळ-बाळंतिणीचे काम हे घरकामच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण नोंदणीची. घरमालकाचा दाखला लागतो आणि तो लिहून द्यायला शिकलेली माणसे कचरतात, जणू मावशी घरावर हक्कच सांगणार आहे! हा दाखला देणे हा उपकार नव्हे, तो तिच्या कामाचा पुरावा आहे. सोबत ई-श्रमची मोफत नोंदणीही करून घ्यावी.

आपल्या वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी एक रविवार यासाठी द्यावा. विहारात, समाजमंदिरात मावशींना बोलवा, एक फिजिओथेरपिस्ट आणा, कामगार कार्यालयाचे अर्ज भरून घ्या. वकील म्हणून मी विनाशुल्क बसायला तयार आहे. त्या दिवशी एखादी मावशी 'वय झालं' म्हणायच्या ऐवजी 'कामानं झालं' असे म्हणाली, तर लढाईची सुरुवात झाली असे मी समजेन.