पाच वेळा उठून दाखवा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असतं. विषय कुठलाही असो, शेवट चहा-बिस्किटांवर होतो. गेल्या खेपेला 'साठीनंतरचं आरोग्य' या विषयावर बोलायला एक पाहुणे आले होते. आवाज खणखणीत, भाषा गोड. इतकी गोड की पहिल्या रांगेतल्या मधुमेह्यांनी जरा मागं सरकून बसायला हवं होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. साठीनंतर वाढ संपलेली असते, तेव्हा खाणं निम्म्यावर आणावं. वरणभात, पेज, खिचडी असं हलकं घ्यावं, रात्री नुसतं दूध. उसळी वातूळ, अंडी उष्ण, आणि प्रथिनांचा हव्यास म्हणजे किडनीच्या रोगाला आवतण. व्यायामांचा राजा चालणं. वजनं उचलणं हे पोरांचं काम, आपल्या वयाला त्यानं सांध्यांचं वाटोळं होतं. ताकद जाणारच, पिकलं पान गळणारच, निसर्गाशी भांडू नये. अधूनमधून श्लोक. याहून जास्त काही ते बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. तोवर मी चिडले होते.

टाळ्या पडल्या. सवयीनं मीही वाजवल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही.

निसर्गाशी भांडू नका, हे ते चष्मा लावून सांगत होते. दातही स्वतःचे नसावेत असा माझा संशय आहे. डोळ्यांसाठी आणि दातांसाठी निसर्गाशी भांडायचं आणि मांड्यांच्या बाबतीत मात्र शरण जायचं, हा कुठला न्याय?

सांध्यांचं म्हणाल, तर गुडघेदुखीवर आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायामच सांगतात. पुढे चला.

किडनीचं अर्धं खरं आहे. जिची किडनी आधीच दुबळी आहे तिनं प्रथिनं किती घ्यायची हे तिच्या डॉक्टरांनी ठरवावं, तिथं माझ्यासारखीनं तोंड घालू नये. पण सभागृहातल्या साठ-सत्तर माणसांपैकी एकाचाही रक्ताचा रिपोर्ट न बघता सरसकट सगळ्यांना धाक घालायचा, म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आता चालणं. इथं मी जरा पदर खोचून बसते.

चालण्याशी माझं वैर नाही. अकरा वर्षं, पावसाळा धरून, मी सांगलीच्या आमराईत रोज चाळीस मिनिटं चालले आहे. हृदयाला चांगलं, रक्तदाबाला चांगलं, आणि घरातल्या चौघांपासून चाळीस मिनिटं सुटका मिळते हे तर सगळ्यांत चांगलं. माझं भांडण आहे ते 'चालतो की रोज!' या वाक्याशी. आमची पिढी ते पावतीसारखं दाखवते. घरपट्टी भरली, चालून झालं, आता कुणी काही विचारायचं नाही.

त्यातही दहा हजार पावलांचे पुजारी वेगळे. त्यांना वाटतं हा आकडा कुठल्यातरी वैद्यकीय ग्रंथातून आला. तो आला 1965 साली जपानात विक्रीला काढलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्रावरून. यंत्राचं नावच होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विक्रीसाठी शोभून दिसणारा आकडा तो. आणि आमचे शेजारी अजून रात्री जेवणानंतर उरलेली आठशे पावलं भरायला सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालतात.

या मंडळींची परीक्षा रस्त्यावर घेऊ नका, आमराईतल्या बाकापाशी घ्या. चालून झालं की सगळे बाकांवर टेकतात. खरी गंमत उठताना. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, पुढं-मागं दोन झोके, तिसऱ्या झोक्याला 'आई गं', आणि मग गृहस्थ उभे. मनगटावरचं घड्याळ तेवढ्यात त्यांचं अभिनंदन करतं. सपाट रस्त्यावर चालताना भार या पायावरून त्या पायावर जातो, पण बसल्या जागेवरून अख्खं शरीर वर उचलायची पाळी मांडीवर येतच नाही. स्नायूंत काही तंतू सावकाश, दमानं काम करणारे असतात आणि काही झटक्यासरशी जोर लावणारे. वयानुसार जास्त आक्रसतात ते झटक्याचे, आणि रमतगमत चालण्यात त्यांना फारसं काम मिळत नाही. मात्र ठेच लागते, तोल जातो आणि पाऊल चटकन पुढं टाकायचं असतं, तेव्हा नेमके तेच लागतात.

हे मला व्याख्यानात कळलं नाही, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर कळलं. चार वर्षांपूर्वी हातात ताकाचं पातेलं, पाय अडखळला, दुसरा पाय वेळेवर पुढं आलाच नाही. पातेलं वाचवलं, मनगट मोडलं. (ताक सांडलं असतं तर काय बिघडलं असतं, असं नंतर सगळ्यांनी विचारलं.) प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीच्या मुलीनं हाताला व्यायाम द्यायच्या आधी मला साध्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, "काकू, हाताची घडी घाला आणि पाच वेळा उठून बसून दाखवा." मला बावीस सेकंद लागली. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं 2019 मध्ये जी मर्यादा घालून दिली ती बारा सेकंदांची आहे. तेवढी किंवा त्याहून जास्त लागली तर पाय कमजोर समजायचे.

"पण मी रोज चालते गं," मी म्हणाले.

"हो काकू, सगळेच म्हणतात," ती म्हणाली आणि कागदावर बावीस लिहिलं.

या झिजेला नाव आहे, सार्कोपेनिया. अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकानं 1988 मध्ये ते सुचवलं. ग्रीकमधल्या 'मांस' आणि 'उणीव' या दोन शब्दांची जोडी. आपल्याकडं याच रोगाला 'वय झालं' म्हणतात आणि विषय संपवतात.

'वय झालं' म्हणणाऱ्यांना बॉस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेतलं सांगायला हवं. तिथल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. पिसं उचलल्यासारखी नव्हे, चांगली जड. वयं 86 ते 96. नऊ जणांनी क्रम पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. हे 1990 मध्ये छापून आलं. म्हणजे आमचे पाहुणे तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि वाचायला त्यांना भरपूर वेळ मिळालेला आहे.

'विश्रांती घ्या' म्हणणाऱ्यांना दुसरं सांगते. 2007 मध्ये बारा धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं. आजार काही नाही, फक्त पडून राहायचं. दहा दिवसांत पायांतलं जवळपास किलोभर मांस गेलं. आईला न्यूमोनिया झाला होता तेव्हा आम्ही भावंडांनी तिला पुढं दोन महिने पलंगावरून उतरू दिलं नाही. उठली की ओरडायचो. पेज भरवायचो, हातात पाणी द्यायचो. न्यूमोनिया पंधरा दिवसांत गेला, आई मात्र नंतर कधी आपली आपण न्हाणीघरापर्यंत गेली नाही. भावाशी माझा यावर अजून वाद होतो. तो म्हणतो, वय झालं होतं.

आणि हे सगळं कुठं ऐकायचं, तर तालमींच्या मुलखात! जिथं जोर-बैठका आणि मुद्गल हे शब्द पोरांना पाढ्यांआधी यायचे, तिथं वजन म्हटलं की सभागृह दचकतं. पलीकडं सातारा जिल्ह्यात औंध आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, शाळांतून ते सुरू केले. सत्तरीला टेकले तेव्हा, 1938 मध्ये, त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. सूर्यनमस्कार म्हणजे शेवटी काय, तर जमिनीपर्यंत जायचं आणि पुन्हा उभं राहायचं. आमच्या पिढीनं आधी पंगत उठवून टेबल आणलं, मग कमोड आणला, मग देवपूजेलाही स्टूल घेतलं. जमिनीशी संबंधच तोडला. आता जमिनीवर पडलो की शेजारच्या दोघांना हाक मारावी लागते.

हलकं खाण्याबद्दल. हलकं म्हणजे काय ते मी एके दिवशी वहीत मांडून बघितलं. सकाळी चहा-बिस्किट, मग पोहे, दुपारी दीड भाकरी, भाजी, आमटीचं पाणी, ताक, रात्री मऊ खिचडी. वाटीभर पातळ वरणात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम, एका भाकरीत साधारण तेवढीच. सगळी बेरीज पस्तिशीच्या पुढं सरकेना. माझं वजन 55 किलो. आपल्याच देशातल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 मधला आकडा धरला तरी प्रौढ माणसाला किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे मला 45-46 ग्रॅम हवीत. आणि पासष्टीपुढच्यांना किलोमागं 1 ते 1.2 ग्रॅम द्यावीत असं तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं 2013 मध्येच सांगून ठेवलंय. कारण म्हातारा स्नायू थोडा बहिरा असतो. तरुणाला कुजबुजलेलं ऐकू येतं, याला तेच मोठ्यानं सांगावं लागतं. वाढ संपली म्हणून गरज संपली, हे गणित इथंच उलटं पडतं. भूक कमी होते, गरज वाढते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्यानं केली त्याला हे आधीच ठाऊक असावं.

यावरून जुनी लढाई आठवली. मध्यंतरी आमच्या कट्ट्यावर दोन पक्ष पडले होते. एक म्हणे दिवसातून दोनदाच जेवा, दुसरा म्हणे दर दोन तासांनी खा. दोन मैत्रिणींचं बोलणं बंद झालं, एका जावयानं सासऱ्याला ग्रुपमधून काढलं. किती वेळा खायचं यावर महायुद्ध झालं, पण ताटात काय आहे हे एकाही सेनापतीनं विचारलं नाही. दोन्ही छावण्यांत साबुदाण्याची खिचडी मात्र सारख्याच भक्तीनं चालायची. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. त्या खिचडीत धर्म राखतात ते शेंगदाणे.

'माझं वजन तर वाढलेलं नाही' हा आणखी एक गोड भ्रम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्याला दोघे सारखे! आपली जात अशी दिसायला सडपातळ आणि आतून लोण्याची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात खेचून घेतो तो स्नायू, आणि मधुमेहानं गांजलेल्या आपल्या राज्यात पाहुणे तोच अर्धा करायला सांगून गेले.

डब्यातली पावडर हा यावरचा उपाय नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर एखादा विक्रेता हा लेख फ्रेम करून लावेल. बॉस्टनच्याच चमूनं 1994 मध्ये शंभर वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं त्यांची ताकद काही वाढली नाही. मुलं परदेशातून डबे पाठवतात, ते माळ्यावर चढतात. चढवायला शेजारचा मुलगा बोलवावा लागतो.

मग करायचं काय? फार काही नाही. मी आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठाबशा काढते, दहाच्या तीन फेऱ्या. पहिले दोन महिने हातांचा आधार घेत होते, आता मांडीशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरते. भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलून चवड्यांवर उंच होणं, एका पायावर उभं राहणं. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, हे विसरायचं नाही. दोन वर्षं त्याच अर्ध्या लिटरच्या बाटल्या हलवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सकाळी एक अंडं किंवा मुगाचं धिरडं, दुपारी घट्ट वरण नाहीतर उसळ, रात्री पिठलं, वर दह्याची वाटी. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पाच उठाबशांना आता मला दहा सेकंद लागतात.

व्याख्यान संपल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावायच्या होत्या. मी चार-चार उचलायला लागले तर पाहुणे कळवळून म्हणाले, "अहो ताई, राहू द्या, कुणीतरी करेल." कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगितलं नाही. सचिव म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. दिलं. त्यात एवढंच लिहिलंय की दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला मी सभागृहात असेन, ज्यांना यायचं त्यांनी यावं, खुर्च्या संघाच्याच वापरू. उत्तर अजून आलेलं नाही. किल्ली वॉचमनकडं असते.